शिल्लक

दांडिया बाजारात, जिन्याखालच्या खोलीत
मी मोडी वाचून देतो. पानाला चाळीस रुपये.
डाग, वाळवी, फाटकं, दर तोच.

शृंगारपुरे रुमाल ठेवून गेलेत.
त्यांचे मूळ पुरुष म्हणे बेटावरच्या कोटाचे किल्लेदार;
चहूकडून गनिमाची गलबतं, आत मूठभर माणसं.
पुढे कुटुंब चाकरीला बडोद्यास आलं,
तलवार वाटेत विकली, कागद राहिले.
"पराक्रमाचं काही निघालं तर खूण करा,
मुलाच्या लग्नात चौकटीत लावू."

निघालं ते असं:
तांदूळ अठरा खंडी.
दारू पंधरा मण, पैकीं भिजली चार.
गनिमाच्या गुराबा सत्तावीस. आपल्या दोन, एक गळकी.
माणूस एकशें चाळीस.
पान उलटलं की माणूस एकशें एकोणतीस.
अकरा कुठे गेले ते लिहिलेलं नाही,
तेवढा शिधा फक्त वजा.

किल्लेदार नव्हते हो ते. कोठावळे होते.
भूक वाढते तसं अक्षर बारीक होत जातं;
हात कापत नाही,
कागद संपत आलाय.

बेटाचं नाव कसरीनं खाल्लंय.
टाक्यातलं पाणी आधी कळशीनं मोजलंय,
मग तांब्यानं, मग वाटीनं,
आणि एका समासात, आडवं:
'शाई आजपासोन खाऱ्या पाण्यांत. गोडें पिण्यास.'

तेव्हा उमगलं,
तिथून पुढचीच पानं का अशी.
विश्वामित्री फुगली, हवा जड झाली
की तेवढ्याच ओळी घाम धरतात.
मी टिपकागद दाबतो, पंख्याखाली धरतो.
एकदा जीभ लावून पाहिली.
कुणाला सांगू नका.

रोज एकशें नववा:
'समुद्र मोकळा दिसतो. कोणी बोललें नाहीं.
पेज न करितां भात केला. मीठ जास्त पडलें.'
खाली रेघ.
शिल्लक माणूस सदतीस.
विजय हा शब्द
सगळ्या रुमालात मला सापडला नाही.

बाहेर स्कूटर थांबली. शृंगारपुरे,
रेनकोट निथळत, दारातूनच:
"काय मग, निघालं का काही?"
निघालं, म्हटलं.
त्यांचा हात पुढे आला तसा मी कागद मागे घेतला.
बसा. टॉवेल तिथे खिळ्याला आहे.
आधी हात कोरडे करा.