चौसष्ट सेंटिमीटर

ऐरोलीच्या खाडीवरून आणलं होतं एवढंच:
तिवराची पानं, वहीत दाबून,
चिखलातून वर आलेल्या श्वासमुळांची चार रेखाटनं,
आणि एक खेकडा,
जो पुरता काढून होईपर्यंत थांबला नाही.
उरलेला अर्धा आठवणीतून काढला.

कागदावर मधोमध चित्र, कडा कोऱ्या.
मग कात्री. एकदा उभी, एकदा आडवी.
चार तुकडे कर्णावर अदलाबदल केले
की भरलेलं सगळं कोपऱ्यांत जातं
आणि मध्ये उघडं पडतं
रिकामं मैदान.
तिथे काय उगवायचं, यात रविवार गेला.

समोरच्या कुंदाताई मिरच्या मागायला आल्या.
"चांगलं होतं की गं, कापलंस कशाला?"
म्हटलं, सांधा दिसू नये म्हणून.
त्या कागदाकडे पाहत राहिल्या,
मग माझ्याकडे,
मग मिरच्या घेऊन गेल्या.

तुर्भ्याला शफीकभाईंच्या टेबलावर
पहिले दहा मीटर उलगडले.
शफीकभाई जवळून काही बघत नाहीत.
दहा पावलं मागे जातात,
चष्मा काढतात, डोळे बारीक करतात.
"रस्ता पडलाय."

खरंच की. पानांच्या दाटीतून तिरकी
एक पायवाट, थेट ताग्याच्या टोकापर्यंत,
मी न काढलेली.
आणि ते मुडपलेलं, किडीने खाल्लेलं पान,
माझं सगळ्यात लाडकं,
दर चौसष्ट सेंटिमीटरला हात वर करत होतं
पहिल्या बाकावरच्या पोरासारखं.
"हे काढून टाका," शफीकभाई म्हणाले.

नाही काढलं.
त्याला भावंडं दिली:
एक पालथं, एक निम्मं झाकलेलं,
एक बिनकिडीचं.
दर दुसरी रांग अर्ध्याने खाली उतरवली.
पायवाट बुजली.

नोव्हेंबरात, कोपरखैरण्याला,
दुसऱ्या मजल्यावरच्या दोरीवर
ते कापड गाऊन होऊन वाळत होतं.
शिंप्याने कसंही बेतलेलं:
खिशाने रांग तोडली होती,
श्वासमुळं काखेत गेली होती.
मी खाली उभी राहून सांधा शोधत होते.
वॉचमन मला बघत होता.

सांधा नाही सापडला.
खेकडा दिसला.
लाल रंग रेषेतून जरासा बाहेर,
छापताना स्क्रीन केसभर हलली असणार.
सगळ्याच खेकड्यांचं तसं,
आपल्याच अंगातून
एका बाजूला निघालेले.

तक्रार करायची म्हणून फोन लावला.
शफीकभाईंनी उचलला, मागे मशीनचा आवाज.
"बोला."
"काही नाही," म्हटलं, "सहज."