तीन चुका

नवं कुलूप लावलं त्या आठवड्यात
भाजीची पिशवी पायांत धरून
मी दारापुढे फोनवर बोट टेकवायचे,
आणि कुलूप आधी समुद्रापलीकडच्या कुठल्याशा यंत्राला विचारायचं:
बाई आली आहे, घेऊ का आत?
एकतीस वर्षं मुरगाव बंदरात वायरलेसवर बसले.
आत येऊ का, असं जहाजं विचारायची,
आणि थांबा म्हणायची ती मी.
आता बायणात, तिसऱ्या मजल्यावर,
माझ्याच उंबऱ्याबाहेर नांगर टाकून उभी.

म्हणून ते कंपनीपासून सोडवलं.
पत्त्यांच्या कॅटाएवढा एक कॉम्प्युटर आणला,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला, आणि लहरी डब्यातच अडकल्या.
हे कळायला मला अर्धा दिवस लागला.
बंदरात कुणाला सांगू नका.
आता तो आंब्याच्या साठांच्या प्लास्टिकच्या डब्यात,
झाकणाला भोक, भोकातून वायर.
त्यावरची प्रणाली जगभरच्या अनोळखी माणसांनी
फुकट लिहून ठेवलेली.
त्यातल्या कुणीतरी माझ्याच कुलपाची चूक
गेल्या मे महिन्यात रात्री दोनला दुरुस्त केली,
रोज चौसष्ट टक्के दाखवणारी बॅटरी
खरं बोलू लागली.
त्याला काय म्हणायचं?
शेजारी?

शेजारी म्हणजे समोरची एर्मेलिंदा.
आकडे वाटले तेव्हा
पहिला माझा, दुसरा पुतण्या हरेशचा,
तिसरा मी तिच्या तळहातावर पेनाने लिहिला.
ती म्हणाली, किल्लीच दी गो.
मी म्हटलं, किल्ली हरवते.

गुरुवारी मी मडगावात, दाताच्या खुर्चीत, तोंड उघडं.
फोन थरथरला. चुकीचा आकडा.
एक बावन्न. एक त्रेपन्न.
एक चोपन्नला तिसऱ्यांदा,
आणि कुलपाने पाच मिनिटं कान बंद करून घेतले.
कोण, ते नोंदीत नसतं.
कुठला आकडा दाबला, तेही नसतं.
चूक झाली एवढंच असतं.
अर्ध्या बधिर जबड्याने मी बस पकडली,
आणि कुठ्ठाळीच्या पुलावर बस अडकली तेव्हा
चोराला चेहरासुद्धा देऊन झाला होता.

जिन्याच्या वळणावर एर्मेलिंदा बसलेली.
मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं भांडं,
सुंगटांचं हुमण, निवलेलं.
दात काढल्यावर मऊ काही लागेल म्हणून
पेज आणि ते आत ठेवून जाणार होती.
आंकडो विसरलें, म्हणाली,
मागीर तें तांबडें जालें, हांव भियेलें.
हात उलटा करून दाखवला मला.
शाई केव्हाच धुतली गेली होती,
मासे साफ करणारा हात तो.
मग माझ्याकडे न बघता:
किल्ली हरवली तर खंय तरी आसता, बाये.
विसरलेला आंकडो हांव खंय सोदूं?

माझ्याकडे उत्तर नव्हतं, जबडाही नव्हता.
जेवलो. ती बोलली, मी हुंकार दिले.

रात्री डब्याशेजारी बसून नियम उघडला.
कंपनीचा नियम असा होता:
तीन चुका, पाच मिनिटं शिक्षा.
ती शिक्षा कुलपाच्या पोटातच कोरलेली, माझ्या हाताला न लागणारी.
पण तिच्या पुढच्या ओळी माझ्या होत्या.
दोन स्पेस मागे-पुढे झाल्या की सगळं ठप्प होतं,
म्हणून चष्मा पुसून, बोटाने मोजत लिहिलं:
तीन चुका झाल्या
की बाहेरचा दिवा लाव.
माझा फोन वाजव.
मी घरात असेन तर
दार उघड म्हणून मला सांग.
मी नसेन तर
हरेशला सांग, त्याचं दुकान खालीच आहे.

आणि सकाळी
लोखंडी किल्ली, जुन्या कुलपासोबतची नव्हे,
या नव्याच्या तळाशी जिच्यासाठी एक भोक ठेवलेलं असतं ती,
तिच्या दाराच्या कडीला अडकवून आले.
ती ती हरवेल.
हरवू दे.