स्टेटस : सेटल्ड

तीन मुलाखती झाल्या, तिन्ही बऱ्या गेल्या.
तिसरीत बाईंनी विचारलं, कधीपासून येताय,
आणि मी अनगोळच्या घरात, पंख्याखाली बसून
पुण्यातल्या खोलीचं भाडंसुद्धा धरून टाकलं.

सहा महिन्यांचं कंत्राट. बँकेची कर्जखाती
जुन्या सिस्टिममधून नव्यात नेताना
पैसा इकडचा तिकडे होत नाही ना
एवढंच बघायचं. ते मला येतं.
चौदा वर्षं दुसऱ्यांच्या पैशातल्या चुका शोधतोय.

मग गुडगावच्या एजन्सीचा मेल.
परशराम, परशुराम, परशूराम:
आधारवर एक, पॅनवर एक, दहावीच्या दाखल्यावर एक.
कन्नडातून इंग्रजीत जाताना माझा उकार
कधी गळतो, कधी लांबतो.
तिघंही तुम्हीच का, त्यांनी विचारलं.
होय म्हणून कळवलं, शंभराच्या बाँडवर, नोटरीच्या शिक्क्यासह.

तेवढ्यावर भागलं नाही.
तिघांपैकी एकाच्या नावावर
जुनं कर्ज निघालं. शेरा: सेटल्ड.

आमच्याकडे हा किती चांगला शब्द होता.
"थोरला सेटल झाला की," आई
भेटेल त्याला सांगायची,
भाजीची पिशवी रस्त्यातच खाली ठेवून.
खरं बँकेच्या भाषेत सेटल होणं म्हणजे
पुरतं न फेडता सुटणं.

उद्यमबागेत सातेरी निलजकरची फाउंड्री होती.
फाउंड्री कसली, एक भट्टी, वर पत्रे,
पंपाचे इम्पेलर ओतणारे चौघं.
चहाच्या गाड्यावर त्यानं कागद पुढे केले,
"सही कर की रे, जामीन नावालाच असतोय."
मी बशी बाजूला सारली, नऊ ठिकाणी सही केली.
नवव्या सहीवर कपाचा गोल डाग उठला.
कागद स्कॅन झाले असतील तर तो अजून असेल.

गिऱ्हाइकानं बिल अडकवलं, भट्टी थंड झाली,
बँकेनं दोघांना बोलावून अर्ध्यावर तोड काढली.
त्यातला माझ्या गळ्यात आला तेवढा मी भरला.
सातेरी आता शाळेची व्हॅन चालवतो.
दर महिन्याच्या सात तारखेला हजार रुपये आणून देतो.
पाच वर्षं. एक महिना चुकला नाही.
हे कुठल्याच रिपोर्टात येत नाही;
बायकोच्या वहीत येतं,
दूध आणि पेपर यांच्या मधल्या ओळीत.

शाखेत गेलो. बँकेचं नाव दोनदा बदललंय.
मॅनेजर रायचूरचे, बदलीच्या वाटेवर.
मी मोडक्या कन्नडात, ते मोडक्या मराठीत,
आणि नेमका तोच शब्द दोघांच्या तोंडी इंग्रजीत.
"नोडोणरी," म्हणाले, स्क्रीन माझ्याकडे वळवली.
यादीत पर्याय तीनच.
असलीच एक यादी मीही तपासली होती,
दुसऱ्या कुठल्या बँकेसाठी, रात्री दोन वाजता.
'पास' लिहून झोपलो होतो.
चौथा पर्याय असावा असं तेव्हा सुचलं नाही.

काल बाईंचा फोन. आवाज तसाच गोड.
पॉलिसी आहे हो,
पैशाला हात लागतो तिथे बघावंच लागतं.
बरोबर आहे, म्हटलं.
बरोबरच आहे. मीही बघितलं असतं.
त्यांनी स्पष्टीकरणाची चौकट पाठवलीय,
पाचशे अक्षरांची, आज रात्रीपर्यंत.

भट्टी लिहिली, खोडली.
व्हॅन लिहिली, खोडली.
आईचं काही लिहिण्यात अर्थ नव्हता.

आज सात तारीख. साडेसात वाजले.
सातेरी अजून आलेला नाही,
आणि मी तिसऱ्यांदा उठून खिडकीतून बघितलं,
बँकेनं बघावं तसं.

लाज वाटून परत येऊन बसलो.
चौकटीत सध्या एवढंच आहे:
सही माझीच आहे.
खाली बारीक आकड्यांत, शिल्लक ४८६.