कवऱ्याला गेला?

दिवाळ्याच्या जेट्टीवर ओहोट लागली
की आधी चिखल बोलतो, माणसं नंतर.
निवट्या उडतात, बगळा पाय बदलतो,
आणि हौसाबाय डोक्यावरची पाटी न उतरवताच विचारते,
"जोमा, परदेशान म्हनं मोठा मासा धरलास.
कवऱ्याला गेला?"

बाबा माझ्याकडे बघतात.

पॅकेज मीच घेतलं होतं, बेलापूरच्या सेक्टर अकरातून,
बारा हप्त्यांवर. मॉरिशस, पाच रात्री,
त्यात अर्धा दिवस खोल समुद्रात मासेमारीचा थरार.
चाळीस वर्षं ज्यानं खाडीत डोल लावली
त्याला मी साठीची भेट म्हणून मासेमारी दिली.
दुकानातला पोरगा हसला नाही.
त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं.

तिथल्या बंदराचं नाव काळी नदी,
पाणी मात्र असं, की नांगराचा दोर तळापर्यंत मोजता यावा.
होडी इतकी पांढरी
की बाबांनी चपला काढून हातात घेतल्या.
आधी त्यांनी वास शोधला. नव्हता.
मग बर्फाची पेटी उघडली. बिअर, अननसाच्या फोडी,
माशाला जागाच नाही.
"ही होडी कसली गं," ते म्हणाले, "हिला भूकच नाय."

गळाला गुलाबी प्लॅस्टिकचं माकूल.
मधोमध एक खुर्ची, दात काढायला बसवतात तसली,
पट्टे बांधून त्यात बसवलं त्यांना
आणि कप्तान गेटाननं गरगर फिरवून दाखवलं
मासा कुठूनही आला तरी तोंड त्याच्याकडे कसं राहील ते.
"आन तो माज्या बुडाखालना आला तर?"
मी भाषांतर केलं नाही.

साडेअकराला रीळ किंचाळलं.
सगळे ओरडले, दांडी धरा, दांडी!
बाबांनी धरला दोर.
उघड्या हातानं, डोलीचा धरतात तसा,
आणि दोर तळव्यातून निघून गेला
कातडीची एक बारीक पट्टी घेऊन.

मग तो वर आला.

मी रंग सांगणार नाही, मला जमणार नाही.
पाणी उभं राहिलं होतं आणि त्याला चोच होती.
खाडीतल्या प्रत्येक पिल्लाला नावानं हाक मारणारे बाबा
गप्प.
तास गेला. दीड.
तो होडीला लागला तेव्हा गेटान म्हणाला, दोनशे किलो,
आणि बाबांचे ओठ हलले.
मला वाटलं देवाचं नाव.
ते हिशेब करत होते, किलोला किती, बर्फ वजा, डिझेल वजा.

तेवढ्यात खलाशानं वाकून गळ काढला
आणि सोडून दिला.

"आरं—"

हात तसाच हवेत राहिला.
टाळ्या वाजल्या. फोटो झाला.
सोडलेल्या माशाचं निशाण तिथं उलटं टांगतात,
ते फडफडत होतं, आणि परतीच्या वाटेवर
बाबा पूर्ण वेळ त्याच्याकडे पाठ करून बसले.

"आमीच पैसं दिलं," ते आता हौसाबायला सांगतात.
"कोनाला?"
"होडीवाल्याला. धराचं. मंग सोडला."
ती हसते, अशी, की पाटीतल्या मांदेल्या हलतात.
डोळे पुसते. पदर खोचते.
मग एकदम, हळू,
"म्हंजे तो हाय अजून?"

बाबा खाडीकडे बघतात.
पुलाच्या खांबांना काळ्या पाण्याची रेघ आहे.
जिताडा इथं शेवटचा कधी लागला
ते दोघांनाही आठवतं, दोघंही काढत नाहीत.

"हाय," बाबा म्हणतात.
जरा मोठ्यानं, जणू पोहोचवायचं आहे कुठंतरी.
"हाय तो."

ती वाकते, दोन मुठी मांदेल्या पिशवीत टाकते.
"घे. आन हे सोडू नको."

पैसे ती घेत नाही.
तळव्यावरची खपली बाबा अंगठ्यानं चाचपत राहतात.
माझे सात हप्ते अजून बाकी आहेत.