मूळ चावी

नाव वासुदेव धाकू मेस्त्री. वय एकसष्ट.
धंदा चाव्यांचा. कळवा नाक्याला
चपलांच्या दुकानाशेजारी माझी लाकडी पेटी,
वर टांगलेली हातभर पत्र्याची चावी,
जी कुठल्याच कुलपाला लागत नाही.

ठाण्याच्या कोर्टात मी नऊ नंबरचा साक्षीदार.
आठ वर्षांनी नंबर लागला.
पोरीचा बाप मुरबाडहून प्रत्येक तारखेला येतो,
कोर्टनाक्याच्या कठड्यावर बसून भाकरी खातो.
टेम्पोसाठी चार लाख मागितले, दीड दिले,
हे त्याने कधीच सांगून टाकलंय.
आज माझ्याकडे बघतोय,
शटर लावलेल्या दुकानाकडे बघतात तसा.

मागच्या मंगळवारी एकजण आला.
सायकलच्या कुलपाची चावी करून घेतली,
पाचशेच्या नोटांची पुडी पेटीवर ठेवली.
म्हणाला, काका, या वयात नजर कमी होते.
मी चाळीस रुपये घेतले.
पुडी त्याच्या मागे पळत जाऊन दिली. धाप लागली.

सरकारी वकील बाई विचारतात,
कशासाठी बोलावलं होतं तुम्हाला?
दार उघडायला.
तिसरा मजला, आतली खोली. सासू म्हणत होती,
सूनबाईने आतून लावून घेतलंय.
मग?
वाकून भोकातून पाहिलं, बाई.
आतून चावी असती तर भोक बुजलेलं असतं.
मला पलीकडचा उजेड दिसला.
वरची कडी पडलेली नव्हती.
दार फक्त चावीवर होतं, आणि चावी आत नव्हती.

दार उघडलं. ती कपाटाला टेकून बसलेली.
पुढचं डॉक्टरांनी लिहिलंय, ते माझं काम नाही.

मग मुद्देमाल आणला. लाखेचं सील फोडलं.
सासूच्या जुडग्यातून काढलेली चावी:
तीन दाते उंच, चौथा बसका, शेवटचा घासलेला.
माणसाचा चेहरा विसरेन मी. हे नाही विसरत.

ही आधी पाहिलीय, मी म्हटलं.
कुठे?
साबणावर.

कोर्टात तेवढंच बोललो. बाकीचं असं:
तिच्या मरणाआधी दोन महिने,
पायात स्लिपर, त्याही वेगवेगळ्या,
प्रणिता (नाव मला नंतर पेपरात कळलं)
पेटीसमोर उभी राहिली. पदराआडून काढली
कपड्यांच्या निळ्या साबणाची अर्धी वडी,
त्यात दाबलेली चावीची खूण.
भाजीला म्हणून आलेय, लवकर द्या.
मी म्हटलं, ठशावरून चावी करत नाही, पोरी.
चोरीची कामं असतात असली. मूळ चावी आण.
तिने वडी परत पदरात गुंडाळली,
अंड्यासारखी, फुटू नये म्हणून.
भांडली नाही. तेच खुपतं.

आरोपीचे वकील उठले. पोलिसांच्या जबाबात
साबणाचा एक शब्द नाही. आठ वर्षांनी आठवला?
आठवला नाही, साहेब. विसरलो नव्हतो.
मग तेव्हा का नाही सांगितलंत?

या प्रश्नाला माझ्याकडे चावी नव्हती.
टायपिस्टने दोनदा विचारलं, साबण ना? साबणच?
जज म्हणाले, साक्षीदार गप्प आहे, असं घ्या.
सही कुठे करायची ते शिपायाने बोटाने दाखवलं.

बाहेर जिन्याशी तिच्या बापाने हात धरला.
मला वाटलं, शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या.
त्याने विचारलं,
कुठला होता हो साबण?
तिला लहानपणापासून चंदनाचा लागायचा,
सासरी जाताना डझनभर दिले होते.

शपथ तर आत संपली होती.
मी म्हटलं, होय. चंदनाचाच होता.