किती रिकामं हवंय

कोठावदे सेल्समननं पहिल्यांदा विचारलं
तेव्हा मला प्रश्नच कळला नाही.
'मॅडम, व्हॅक्यूम किती हवाय?'
म्हटलं, मिळेल तितका.
जळगावहून एस.टी.नं आलेला माणूस,
मांडीवर कॅटलॉग, कॅटलॉगवर ओला रुमाल.
'तसं नसतं,' म्हणाला,
'तुम्ही काम सांगा. मग किती रिकामं करायचं ते बघू.'

काम असं:
मुमताज तडवी केळफुलाचा अर्क काढते.
इथेनॉलमध्ये भिजवते, गाळते,
मग इथेनॉल उडवायचं, अर्क राखायचा,
आणि त्याला आच लागू द्यायची नाही.
पुस्तक म्हणतं, बाथ चाळीस अंशांवर ठेवा.
मे महिन्यात चोपड्यात
खोलीच त्रेचाळीस असते.
स्विच न दाबता आम्ही पुस्तकाच्या तीन अंश पुढे.

पूर्वी नळाला लावायचा काचेचा पंप होता.
पाणी पळताना हवेलाही सोबत घेऊन जाई.
साधा, गुणी, बिनविजेचा.
पण गच्चीवरची टाकी तापली
की काटा अलीकडेच रेंगाळे,
आणि एका अर्कामागे तीन पिंपं पाणी.
भिला आप्पा ते पिंपात धरून
मागच्या करंजांना घालायचे.
करंज वाढले.
एप्रिलात आप्पा दारात उभे:
'टाकीमा पानी नई शे, मॅडम.'

मग तेलाचा आला.
काळा, जड, दोघांनी उचलायचा.
आप्पांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली:
'येले खावाले काय लागस?'
तेल, मी म्हटलं, फक्त तेल.
पण कंडेन्सरचं पाणी कोमट,
वाफ थांबेना, सरळ पंपाच्या पोटात.
दिवाळीपर्यंत तेल पांढरट झालं,
दूध घातलेल्या चहासारखं,
आणि एका शनिवारी आवाजच बदलला.
झाकण उघडून आप्पांनी वास घेतला.
'दारू पिसन मरी गया यो.'
डेडस्टॉक रजिस्टरात मी कारण लिहिलं: झीज.

आता खरेदी समिती.
तीन कोटेशन्स, एक पंखा,
भारंबे सर चष्मा कपाळावर चढवून:
'सगळ्यात जास्त ओढतो तो तेलाचा.
सगळ्यात स्वस्तही तोच.
मग अडचण काय?'

सर, तो जास्त ओढतो हीच अडचण.
इतक्या ओढीनं अर्क उकळत नाही, उसळतो,
नळीत चढतो,
मुमताजचा आठवडा कंडेन्सरला चिकटतो.
आम्हाला पावणेदोनशे मिलिबार पुरतात.
त्याखाली कुणी राहत नाही आमचं.

हे बोलले नाही. टिपणीत लिहिलं,
चार वेळा खोडून:
'डायफ्रॅम पंप. आत तेल नाही.
पडदा टेफ्लॉनचा, वाफेनं गंजत नाही.
ओढ कमी, पण कामापुरती.
दाब हवा तिथे थांबवता येतो.'
किंमत दुप्पट, हे शेवटी लिहिलं,
बारीक अक्षरात,
मग लाज वाटून पुन्हा मोठ्या अक्षरात.
आणि कंडेन्सरसाठी रोज दहा किलो बर्फ,
कुल्फीवाल्याकडून, बिल मिळणार नाही.

सर बर्फापाशी थांबले.
पंपावर सही केली.
बर्फावर प्रश्नचिन्ह.

पंप आला तेव्हा ऑगस्ट उलटला होता,
टाकी भरलेली, नळ धो धो,
काचेचा जुना पंप खिळ्यावर टांगलेला.
नवा बोलायचा मऊ,
टप् टप् टप्, दूर कुणी कापूस पिंजतंय तसा.
मुमताजनं बर्फ भरला (तिच्याच पैशाचा),
काटा उतरू लागला,
तीनशे, अडीचशे, दोनशेच्या खाली,
तिथे तिनं चावी फिरवून धरला.
फ्लास्कमध्ये एक बुडबुडा आला,
मग त्याच्या मागून दुसरा.

संध्याकाळी पंप नुसताच चालू असताना
आप्पांनी नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला.
'माले धरी लिधं!'
सुटल्यावर अंगठ्यावर लाल गोल वळ.
तो त्यांनी ऑफिसात दाखवला,
लायब्ररीत दाखवला,
आणि सायकल काढताना
गेटवरच्या वॉचमनला,
उजेडाकडे धरून.