टिपा लिहा (कोणत्याही दोन)

भोईवाड्याच्या अभ्यासिकेतला पंखा
रात्री अकरानंतर एकाच बाजूला हवा टाकतो.
त्या बाजूची खुर्ची खरमाटेंची.
नायगावच्या पोलीस लाइनीतून येतात,
ड्युटी संपली की बनियनवर शर्ट अडकवून,
खात्यांतर्गत परीक्षेची पुस्तकं रुमालात बांधून.
मी विधीच्या तिसऱ्या वर्षाला.
कलमं दोघांचीही तीच.
त्यांची लाल पेनाने अधोरेखित,
माझी पेन्सिलीने,
कारण पुस्तक पुढच्या वर्षी विकायचं असतं.

मंगळवारी आम्ही आझाद मैदानात होतो.
परवानगी दहा ते पाच,
दोरी बांधून आखलेला चौकोन.
निलोफरच्या पुठ्ठ्यावर घोषणा नव्हती, फक्त पत्ता होता.
गल्ली, खोली नंबर, बैंगनवाडी, गोवंडी.
तिथे आता पोस्टमनला
दार कुठे होतं हेही विचारता येत नाही.
शेजारी एक मुलगा
दूरच्या युद्धात गेलेल्या पोरांची नावं वाचत होता.
जीभ वळत नव्हती त्याची.
अडखळला की मागे जायचा,
तेच नाव पुन्हा, नीट.

बघ्यांतून कुणी म्हणालं, तिकडचं इकडे कशाला?
कुणी म्हणालं, मग त्या वेळी कुठे होतात?
प्रत्येकाच्या खिशात एक 'त्या वेळी' असतंच,
सुट्ट्या पैशांसारखं, वेळेला काढायला.
मी उत्तर दिलं नाही.
मला माझं आठवलं.
पुनर्विकासात मिळालेल्या टॉवरमधली पहिली मीटिंग,
निलोफरच्या घरच्यांना चौथ्या मजल्यावरची खोली
भाड्याने द्यायची की नाही.
बाबांनी हात वर केला नाही.
विरोधातही केला नाही.
चष्मा पुसत राहिले.
आणि मी चहा फिरवत होते,
साखर कमी कुणाला, ते विचारत.

पाच वाजून दहा मिनिटांनी आम्हाला गाडीत घातलं.
माझा दंड एका महिला शिपायाने धरला,
त्या मुलाची कॉलर खरमाटेंनी.
आमची नजर भेटली,
चुकीची प्रश्नपत्रिका हातात आल्यासारखी.
माझी सुटलेली चप्पल त्यांनी उचलून
खिडकीच्या जाळीखालून आत सरकवली.
बोलले काहीच नाहीत.
रात्री नऊला सोडलं.
कारण धरताना सांगितलं नव्हतं,
सोडताना कोण सांगणार?

बुधवारी खरमाटे नेहमीच्या खुर्चीत.
बूट काढलेले, सुजलेले पाय पिशवीवर.
अकरा दिवस साप्ताहिक सुट्टी नाही, म्हणाले,
कुणाला तरी, बहुतेक पंख्याला.
मग पुस्तक माझ्याकडे सरकवलं.
"ताई, हे कलम बावीस.
अटकेची कारणं शक्य तितक्या लवकर सांगावीत.
शक्य तितक्या म्हंजे किती?"

मी रात्रभर राग जपून आणला होता,
डब्यातल्या रश्श्यासारखा, न सांडता.
आता तो कुठे ओतायचा कळेना.
मी समजावून सांगितलं. निवाडे सांगितले.
चोवीस तास, जवळचे दंडाधिकारी.
म्हटलं, इथून चालत सात मिनिटांवर कोर्ट आहे.
ते मान हलवत लिहीत होते.
"आणि आम्हाला युनियन काढता येत नाही,
ते कोणत्या कलमाने?"
तेहतीस, मी म्हणाले.
त्यांनी तेही लाल केलं,
वाटलं त्यापेक्षा जरा जास्त दाबून.

मग मी विचारलंच.
त्या पोराला सांगितलंत का कारण?
बराच वेळ पान उलटलं नाही.
पेडणेकर काका किल्ल्या वाजवत
मागच्या रांगेतले दिवे बंद करत आले.
खरमाटे म्हणाले, "नाही सांगितलं."
आणि जरा थांबून,
"नाव काय हो त्याचं?"

मला माहीत नव्हतं.
त्याने वाचलेल्या नावांपैकी तीन मला अजून पाठ होती.
त्याचं स्वतःचं
आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं.

पेपर सोमवारी आहे.
मी खरमाटेंकडून लाल पेन मागून घेतलं
आणि कलम बावीसच्या समासात लिहिलं, नाव?
हे पुस्तक आता कुणी विकत घेणार नाही.